मेणातली धवलारीण

आज दुपारी गॅलरीतले कपडे काढत होते, तर खालच्या मोकळ्या प्लॉटवरून भांबुर्ड्याच्या पाल्याचा उग्र वास वर आला. म्हटलं, लागली पोपटी. नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरात मोकळे प्लॉट आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, पण जो उरलाय त्यावर पौषात कुणी ना कुणी मडकं लावतंच. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ, ओवा. मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी भांबुर्डा कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगांनी आपल्याच ओलाव्यात शिजायचं. बाहेरून मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्र बोललं की झालं काम. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर धुराबद्दल तक्रार येते, तक्रार करणाराच तासाभरानं खाली शेंगा सोलत बसलेला दिसतो.

पोपटीचे दिवस हे माझ्या कामाचेही दिवस. माझं काम म्हणजे छोटे जुने फोनोग्राफ ओळखणं आणि पुन्हा बोलते करणं. तव्यासारख्या रेकॉर्डी येण्याआधी आवाज मेणाच्या नळकांड्यावर ठेवत. पाणी प्यायच्या पेल्याएवढं, आतून पोकळ असं ते नळकांडं फिरतं, त्यावरून एक बारीक सुई सरकत जाते आणि कर्ण्यातून माणूस बोलू लागतो. वीज नाही, बॅटरी नाही, किल्ली देऊन चालणारं सगळं. पण मेण हे नाजूक प्रकरण. पावसाळ्यात पनवेलची हवा अशी दमट, की भिंतीतली खुंटीसुद्धा फुगेल. तेव्हा डबा उघडला की चार दिवसांत मेणावर पांढरी बुरशी. चैत्र-वैशाखात ते मऊ पडतं. मग उरतात ते हे कोरडे, हलक्या उन्हाचे दिवस. शेतात वाल भरतात तेव्हा माझ्या टेबलावर नळकांडी उघडतात.

हे वेड घरातूनच आलं. माझे बाबा पनवेलच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करत. एकदा एका माणसानं अर्धगोल लाकडी झाकणाची पेटी आणून दिली, ‘हातमशीन आहे, सुई अडकते’ म्हणून. बाबांनी झाकण उचललं, आत बघितलं आणि म्हणाले, “अहो, ह्यानं ब्लाऊज नाही शिवता यायचा.” तो फोनोग्राफ होता. त्या माणसाला शिलाई मशीनच हवं होतं, म्हणून बाबांनी त्याला एक चांगलं जुनं मशीन दिलं आणि ती पेटी घरी आली. मी तेव्हा परकर-पोलक्यात. पुढे कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी उभा जन्म नोकरी केली, मुलांना स्प्रिंग आणि लंबक शिकवले, पण स्प्रिंग म्हणजे काय ते मला त्या पेटीनं आधीच सांगितलं होतं.

त्यामुळे मी सांगते ते ठामपणे सांगते. लोक माझ्याकडे चकचकीत पितळी कर्णे घेऊन येतात, ‘खापरपणजोबांचा आहे’ म्हणून. मी खालून स्क्रू बघते. स्क्रूची खाच सांगते की हा खापरपणजोबा गेल्या दिवाळीत जन्मला. काहींना राग येतो, काही चहा न पिता जातात. खऱ्या यंत्राला वय लपवता येत नाही. किल्ली भोकात कशी बसते, नळकांडं ज्यावर चढवतात तो दांडा कितपत निमुळता आहे, सुईला पुढे नेणाऱ्या स्क्रूचे आटे किती बारीक आहेत, एवढं बघितलं की यंत्राची जात, कूळ आणि गोत्र कळतं. आमचे अहो म्हणतात, “लग्नाआधी तू मलाही असंच बघितलं असशील.” बघितलं होतंच.

तर असाच एक पौष. काही वर्षं झाली त्याला, पण भांबुर्ड्याचा वास आला की तोच आठवतो, दुसरा नाही. दारात एक गाडी थांबली. आधी उतरला नरेश, खारघरला राहणारा, जमिनीच्या व्यवहारातला पन्नाशीचा माणूस. मग त्यानं हात देऊन आपल्या आईला उतरवलं. हिराबाय. पनवेलजवळच्या नेरे गावच्या. सत्तरी उलटलेली, कासोटा घालून नेसलेलं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नरेशच्या हातात लाकडी पेटी होती आणि हिराबायनं छातीशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी धरलं होतं. आत येऊन बसल्या आणि मोठ्यानं, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा खड्या आवाजात म्हणाल्या, “बाय, आजीला आनलंय.”

फडकं सोडलं तर आत मेणाचं नळकांडं. तपकिरी. आणि त्याच्यावर हळद, कुंकू, तुपाचा वास.

हिराबाय धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीबरोबर, आणि कितीतरी ठिकाणी भटजीशिवायही, लग्न लावते ती धवलारीण. तिच्या तोंडी गाण्यांशिवाय, म्हणजे धवल्यांशिवाय, हळद लागत नाही की नवरानवरीवर पाणी पडत नाही. पौषात लग्नं नसतात, म्हणून तेवढाच एक महिना ह्या बाईंना सवड. त्यांना हे सगळं त्यांच्या आजीनं शिकवलं. ती आजी तरुणपणी मिठागराच्या शेटच्या बंगल्यावर लग्नाचं गायली, तेव्हा शेटनं हौसेनं आणलेल्या यंत्रासमोर तिला एकटीला उभं करून गायला लावलं होतं. पुढे तव्यांचे ग्रामोफोन आले, शेटला जुन्याचा कंटाळा आला, आणि पेटी नळकांड्यासकट आजीच्या घरी आली.

“मग वाजवलीत कधी?” मी विचारलं. नरेशनं तेच त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

“आजी हुती तवर नाय. ती हात लावू देत नव्हती. लोक म्हनत, तिला भ्याव हाय, यंत्र गला खातंय. आन ती गेली, तवा किल्ली फिरंना.”

न वाजणाऱ्या वस्तूचं माणसं काय करतात? आपल्याकडे तिची पूजा करतात. खंडेनवमीला कोयता, विळा, नांगराचा फाळ, त्यांच्या शेजारी पेटी. आणि नळकांडं तर थेट देव्हाऱ्यात, पूर्वजांच्या चांदीच्या टाकांच्या ओळीत. आजीचा आवाज त्यात आहे म्हणजे आजी त्यात आहे. मग टाकाला लागतं ते तिलाही लागणार. सणावाराला हळदीकुंकवाचं बोट. शेजारी निरांजन. साठेक वर्षं ह्या घरानं मोठ्या मायेनं त्या मेणाची वाट लावली होती. एका बाजूनं निरांजनाच्या उबेनं मेण किंचित बसलं होतं, दुसरीकडे बुरशीचे ठिपके, काठाला केसाएवढी चीर, आणि मधोमध कुंकवाचा पट्टा, जिथे कितीतरी लेकी-सुनांचं एकच बोट पुन्हापुन्हा टेकलं होतं. माझ्याकडे उंदरांनी कुरतडलेली नळकांडी आली आहेत, पोरांनी खिळ्यानं नावं कोरलेली आली आहेत. भक्तीनं झिजलेलं हे पहिलंच.

पेटीचं मी तिथल्या तिथे सांगितलं. कोपऱ्यात एक लहानसं पातं होतं, जुनं रेकॉर्डिंग तासून मेण पुन्हा कोरं करायचं. म्हणजे हे घरी आवाज भरायचं यंत्र. नळकांडंही तसंच, कारखान्यातून गाणं घेऊन आलेली असतात ती काळी आणि टणक, हे तपकिरी आणि मऊ. आणि ते कोरं नव्हतं. उन्हात तिरकं धरलं तर बारीक रेघा सरळ न जाता थरथरत गेलेल्या दिसत होत्या. कुणीतरी इथे बोललं होतं, हे नक्की.

“आजीच हाय ना?” हिराबायनं विचारलं.

“आवाज आहे,” मी म्हटलं. “कुणाचा ते तुम्हीच ओळखायचं.”

मग खरी गोष्ट नरेशनं सांगितली. आईच्या कानांच्या नसा सुकत चालल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, पावसाळ्यापर्यंत जे ऐकू येतंय ते येईल, पुढचं सांगता येत नाही. मशीन घेऊन दिलं होतं कानाचं, महागातलं, पण त्यातून बोललेलं जेमतेम कळे. गाणं लावलं की सूर फाटून त्याचा नुसता किरकिराट होई. त्या माघात ठरलेली लग्नं लावून त्या थांबणार होत्या. त्याआधी त्यांना एकदा आजी ऐकायची होती. एवढंच.

ते एवढंच किती मोठं आहे ते मला नळकांड्याची चीर बघूनच कळलं होतं.

कामाला लागले. त्या पौषातल्या सकाळी मला अजून दिसतात: गॅलरीतून टेबलावर आलेलं ऊन, रॉकेलमध्ये भिजत घातलेली चाकं, खाली भाजीवाल्याची ‘वालाच्या शेंगाऽऽ’. पेटीची किल्लीवर चालणारी मोटर गोठली होती, कारण दर खंडेनवमीला कुणीतरी भक्तिभावानं खोबरेल सोडलं होतं. खोबरेल वाळलं की त्याचा डिंक होतो. चाक अन् चाक सुटं केलं, पुसलं, घड्याळाचं तेल थेंबानं दिलं. पट्टा कुजला होता. बाबांच्या पेटीतला शिलाई मशीनचा चामडी पट्टा पातळ कापून लावला. सुई जिच्यात बसते आणि आवाज जिच्यातून निघतो त्या डबीतलं रबर दगड झालं होतं, ते बदललं. डबीचं वजन मऊ मेणाला झेपणारं नव्हतं, म्हणून हलकी डबी बसवली. नळकांड्याला पाणी नाही, तेल नाही; आतून दोन बोटांवर धरून खारीच्या केसांच्या कोरड्या ब्रशनं बुरशी झटकली. कुंकू जेवढं सुटलं तेवढं काढलं. रेघांमध्ये बसलेलं राहू दिलं, कारण ते काढताना आवाजच निघाला असता.

पेटीच्या झाकणावरचं कुंकू मात्र मी ठेवलं. पितळी पट्टीवरचं काढलं, यंत्राचा नंबर वाचायला, पण लाकडावरचं नाही. माझ्या काही मित्रांना हे पटत नाही. ते म्हणतात, यंत्र कारखान्यातून निघालं तसं दिसलं पाहिजे. मी म्हणते, कारखान्यात ते चार दिवस होतं, नेऱ्याला पूजेत साठ वर्षं. माहेरचं रूप परत आणायला मी काय नवरीची मेकअपवाली आहे?

पण दुसऱ्या प्रश्नाला असं हसण्यावारी उत्तर नव्हतं. मेणाची अवस्था बघता माझा अंदाज होता, हे एकदा वाजेल. दुसऱ्यांदा वाजेल याची मी हमी देणार नव्हते. नरेशला हे सांगितलं, तर त्यानं लगेच मार्ग काढला. “मॅडम, कर्ण्यासमोर चांगला माइक ठेवू. एकदा कॉम्प्युटरवर घेतलं ना, की आई हजार वेळा ऐकेल.” माझ्याही मनात तेच होतं. मी जपणाऱ्यांतली बाई. माझ्या घरी दुधाची रिकामी पिशवीसुद्धा धुऊन ठेवतात. नरेशनं तर परदेशातली यंत्रंही शोधून काढली होती, जी मेणाला न शिवता नुसत्या प्रकाशानं आवाज वाचतात. पाठवायचं, वर्षभर थांबायचं.

पण हिराबायना कॉम्प्युटरमधलं गाणं ऐकू येणार नव्हतं. तिथे किरकिराटच होता. आणि कर्ण्यातला आवाज त्यांच्या कानापर्यंत पोचण्याएवढा मोठा नव्हता. तेव्हा मला आठवल्या नळ्या. कर्ण्याच्या आधी लोक फोनोग्राफ रबरी नळ्या कानात घालून ऐकत, डॉक्टर छाती ऐकतात तसा. सगळा आवाज थेट कानात, बाहेर काही सांडायचं नाही. मी मेडिकलमधून स्टेथोस्कोप आणला, छातीला लावायची चकती काढली आणि नळी सुईच्या डबीवर बसवली. हिराबायना बोलावून एक फालतू, विलायती बँडचं काळं नळकांडं लावलं. त्या डोळे मिटून बसल्या. मग तोंडभर हसल्या. “बाजा वाजतंय! पों पों करतंय!”

म्हणजे ऐकू येत होतं. पण नळीतून कानात गेलं की माइकला काही मिळणार नव्हतं. नळीला फाटा काढून बघितला, आवाज अर्धा झाला आणि हिराबायनी मान हलवली. म्हणजे दोन्ही नव्हतंच. एक तर आवाज जपायचा, किंवा त्यांनी ऐकायचा.

नरेश आईच्या कानाशी खूप वेळ बोलला. परदेश, प्रकाश, वर्षभर. तो वाईट बोलत नव्हता. त्याच्या मुलीलाही आपल्या आजीच्या आजीचा आवाज मिळावा असंच त्याला वाटत होतं. हिराबायनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “वरीसभर मना ऐकू येल?”

मी मान हलवून ‘नाही’ म्हटलं.

“मंग मनाच दे,” त्या म्हणाल्या. “पोरींना मी हाय.”

त्यावर मी वाद घातला नाही. आजही कुणी संग्रहालयवाला भेटला की मला सुनावतो, एवढा दुर्मिळ ऐवज तुम्ही घालवलात. घालवला. ते नळकांडं आज लावलं तर नुसती खरखर येते, चीर पार आरपार गेली आहे, आणि ते पुन्हा नेऱ्याच्या देव्हाऱ्यात टाकांच्या ओळीत बसलं आहे. मला एका दिवसाचीही चुटपुट नाही. आवाज कुणासाठी तरी असतो. आजीचा आवाज ज्याला ओळखता येईल असं माणूस पृथ्वीवर एकच उरलं होतं, आणि त्या माणसाचे कान चालले होते. त्यांना डावलून मी तो कपाटासाठी वाचवला असता, तर माझ्या कामाला मी काय म्हटलं असतं?

पौष सरताना आम्ही पेटी घेऊन नेऱ्याला गेलो. डोंगराखाली वालाची शेतं हिरवीगार, मधूनच एखाद्या फार्महाऊसची गुलाबी भिंत. हिराबायच्या घरामागे दुपारीच मडकं लागलं होतं. पानावर शेंगा ओतल्या, वाफ निघाली, बोटं भाजत सगळ्यांनी खाल्लं. हिराबायनी मात्र खाल्लं नाही. धवला गायचा असला की त्या आधी खात नाहीत. “पण आज तुम्हाला गायचं नाही, ऐकायचं आहे,” मी त्यांना हातवारे करून सांगितलं. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. तेवढी सोय बहिऱ्या माणसाला असतेच.

वाट बघताना त्या आजीबद्दल बोलत होत्या. आजी फार कडक. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी धवला पहिल्यापासून म्हणायला लावायची. हातात चुलीची फुंकणी. “मी इसरली की फुंकनी पाटीत. ती कदी इसरली नाय. सगल्या गावाला माहीत, आजी इसरत नाय.” आणि त्यांच्या घरची रीत अशी, की धवला गायला कायम दोघी बसायच्या. एकीचा श्वास तुटला किंवा शब्द अडला तर दुसरीनं ओळ उचलायची. मांडवात धवला अर्धा ठेवायचा नाही. अर्धा राहिला तर संसार अर्धा राहतो.

ओटीवर पाट मांडून त्यावर पेटी ठेवली. मी नळकांडं चढवलं, नळ्या त्यांच्या कानात नीट बसवल्या, किल्ली दिली. सुई टेकवली. नरेशनं सवयीनं फोन समोर धरला होता, काही मिळणार नाही हे माहीत असूनही. आम्हाला ऐकू येत होती फक्त मोटरची घरघर आणि मागच्या अंगणातली पोरं.

हिराबायचा चेहरा आधी नुसता ताणलेला. कुंकवाचा पट्टा सुईखालून जाई तेव्हा नळीत ठोका पडत असावा, कारण त्यांची मान त्या ठोक्याबरोबर हलायला लागली. मग भुवया वर गेल्या. त्यांनी माझं मनगट पकडलं. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड हसत होतं.

“पोर हाय गो,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “आजी पोर हाय. माज्या नातीवानी आवाज.”

त्या ऐकत होत्या. ओठ पुटपुटत होते, धवल्याच्या मागोमाग, शब्दाला शब्द. आणि मग एकदम ओठ थांबले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. सुई सरकतच होती. त्या नळ्या दोन्ही हातांनी कानात दाबून, पेटीकडे वाकून बघू लागल्या, आत कुणी दिसतंय का ते बघावं तशा. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आत आवाज थांबला आहे. चीर नव्हती तिथे, मेण चांगलं होतं. आत एक पोर शेटच्या बंगल्यावर, एकटीच, त्या कर्ण्यासमोर उभी होती आणि ओळ विसरली होती.

हिराबाय ताठ बसल्या. गळा मोकळा केला. आणि सगळ्या ओटीभर, मागच्या अंगणातली पोरं गप्प होतील एवढ्या खणखणीत आवाजात त्यांनी तिला ओळ दिली:

“ऊठ गो नवरीचे आये, दिव्यात तेल घाल!”

मग त्या थांबल्या आणि कान देऊन राहिल्या. क्षणभरानं त्यांची मान पुन्हा हलू लागली. “उचलली गो,” त्या म्हणाल्या, “उचलली तिनं.”